सोयापेंड, सूट आणि सेंट्रिफ्यूज

'इराणला सोयापेंड पाठवायची आहे, अन्नाला अमेरिकेच्या निर्बंधांतून सूट आहे, तरी बँक हात वर करते. मग या निर्बंधांनी अणुकार्यक्रम तरी थांबतो का?' तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं वर आलं. एलसी (बँकेचं पैसे देण्याचं हमीपत्र) वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, ते सोडतो.

सगळ्यात महाग पडते ती चूक म्हणजे सूट आहे म्हणजे पैसे येणारच असं धरून चालणं. २०१२ पासून भारत इराणी तेलाचे काही पैसे युको बँकेतल्या रुपया खात्यात भरायचा. तांदूळ, चहा, सोयापेंडीची बिलं त्यातूनच भागायची. मे २०१९मध्ये इराणी तेल घेण्यासाठी अमेरिकेनं दिलेली सवलत संपली, आयात थांबली आणि ते खातं आटत गेलं. अन्नाची सूट मात्र नियमात जशीच्या तशी!

म्हणून माल गोदामातून हलवण्याआधी बँकेचा होकार लेखी घ्या. खरेदीदार, त्याची बँक, विमा कंपनी आणि आयएमओ नंबरवरून (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक) जहाज, सगळं अमेरिकेच्या एसडीएन यादीत, म्हणजे निर्बंध लावलेल्यांच्या यादीत तपासा. यादीतल्यांची मिळून ५० टक्के मालकी असली तरी ती कंपनी बाद, तिचं स्वतःचं नाव यादीत नसलं तरी. 'पाठवा तर खरं, बघू' असं तोंडी सांगणारा एका बँकेचा फॉरेक्स (परकीय चलन) विभाग होता, नाव नको. माल इराणच्या बंदर अब्बास बंदरात, कागद यांच्या टेबलावर, डेमरेज (जहाज खोळंबल्याचा आकार) चढतंय, आणि विचारलं की 'इंटर्नल पॉलिसी'. असो.

आता अणुकार्यक्रम. मी मुत्सद्दी नाही, कागदपत्रांतला माणूस, तेव्हा त्या हिशेबानं वाचा. २०१२मध्ये इराणी बँका स्विफ्टबाहेर (बँकांचं आंतरराष्ट्रीय संदेश जाळं) गेल्या, युरोपनं तेल बंद केलं. निर्यात दिवसाला सुमारे २५ लाख बॅरलवरून ११ लाखांवर आली आणि इराण बोलणीला बसला, हे खरं. पण त्याच वर्षांत सेंट्रिफ्यूज, म्हणजे युरेनियम संवर्धनाची यंत्रं, १९,०००च्या घरात गेले होते! ते ६,१०४वर आले बड्या देशांशी झालेल्या २०१५च्या अणुकरारानं, निर्बंध उठवण्याच्या बोलीवर. आणि घोडं तिथंच अडलं. बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेला निर्बंध मोडल्याबद्दल अमेरिकेत २०१४मध्ये जवळजवळ ९०० कोटी डॉलरचा दंड झाला होता. त्या धास्तीनं २०१६मध्ये निर्बंध उठूनही युरोपातल्या बड्या बँका फिरकल्या नाहीत. २०१८मध्ये अमेरिकाच करारातून बाहेर पडली, २०२१मध्ये इराणचं युरेनियम संवर्धन ६० टक्क्यांवर. माझ्या मते निर्बंध लावण्यात नव्हे, सोडवण्यात फसले.

सप्टेंबर २०२५मध्ये संयुक्त राष्ट्रांचे जुने निर्बंधही परत लागू झालेत, तेव्हा बँकेचं जुनं पत्र धरून बसू नका. आणि दुबईतून बिल फिरवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बिल ऑफ लेडिंगवर (जहाजात माल चढवल्याची पावती) बंदर अब्बास दिसतंच, मग इतर देशांकडून येणारे पैसेही अडकतात.