स्क्वॉट आणि लेग प्रेस चालू असताना वेगळी डेडलिफ्ट करायची गरज आहे का?

तुम्ही लिहिलंय की वय 41, वर्षभर जिम नीट चालू आहे, स्क्वॉट, लेग प्रेस, बेंच प्रेस, लॅट पुलडाउन सगळं होतं आणि आता डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनाचा बार हातात धरून उभं राहायचा व्यायाम, घालायचा विचार आहे. किती सेट, आठवड्यातून कितीदा, आणि "जिममधला एक जुना मित्र म्हणतो की चाळिशीनंतर डेडलिफ्ट केली की कंबर गेलीच समजा, हे खरं का?" सेट आणि रेप्सचं (एका सेटमध्ये किती वेळा उचलायचं ते रेप्स) इथे बाकीचे सांगतीलच. मी लिहायला बसले ती तुमच्या त्या मित्रामुळे, कारण तसलाच एक आमच्या घरात आहे. माझा सख्खा धाकटा भाऊ.

गरज आहे. स्क्वॉटमध्ये वजन खांद्यावर असतं, लेग प्रेसमध्ये तर पाठ गादीला टेकवून तुम्ही निवांत पडलेले असता. दोन्ही व्यायाम चांगले, सोडू नका. पण जमिनीवरची जड वस्तू हातात धरून उभं राहणं त्यातला एकही शिकवत नाही. डेडलिफ्टमध्ये नितंब, मांडीची मागची बाजू, कण्याच्या दोन्ही अंगांनी वर जाणारे लांब स्नायू, पाठीचे पंख, मानेखालचे ट्रॅप्स आणि शेवटी बोटं, असं सगळं एकाच वेळी कामाला लागतं. पुलडाउन करून पाठ होते, पण ती बसल्या बसल्या. शिवाय स्क्वॉटमध्ये खाली जाताना स्नायू ताणले जातात आणि त्या ताणाचा वर येताना थोडा फायदा मिळतो. डेडलिफ्टचा पहिला रेप अगदी शून्यातून काढावा लागतो. आणि पकड! पुलडाउनच्या दांड्याला लोंबकळून जी पकड येते ती जड बार हातात घेतल्यावर किती तोकडी असते ते पहिल्याच आठवड्यात कळेल.

डेडलिफ्टने चरबी झपाट्याने जळते, हार्मोन वाढतात वगैरे सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. व्यायामानंतर हार्मोन थोडा वेळ वर जातात आणि खाली येतात, त्याने स्नायू वाढत नाहीत. 'बायकांची कंबर रुंद होते' हेही मी ऐकलंय. माझी झाली नाही.

तर भाऊ. विशीपासून जिमला जातो, दंड बघण्यासारखे आहेत, खोटं कशाला बोलू. पन्नाशी ओलांडल्यावर माझी हाडांची डेक्सा तपासणी झाली, कंबरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, उणे 2 च्या आसपास आला. उणे 1 ते उणे 2.5 म्हणजे हाडं विरळ व्हायला लागली आहेत, उणे 2.5 किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वजनाचे व्यायाम सुरू करा म्हणाले. भावाने लगेच माझी जबाबदारी घेतली. जबाबदारी म्हणजे एकेक किलोचे दोन गुलाबी डंबेल. ते मी रोज टीव्हीसमोर बसून वरखाली करायचे. गुलाबीच का आणलेस, विचारलं, तर म्हणाला, "ताई, तुझ्यासाठी हेच बरोबर आहेत."

माझ्या हाडांना त्या डंबेलचा पत्ताही लागला नसेल. हाड भार ओळखतं, आणि भार नेहमीपेक्षा बराच जास्त असला तरच त्याला काही करावंसं वाटतं. हे मला भावाने नाही, एका ट्रेनर मुलीने सांगितलं. माझ्या निम्म्या वयाची असेल. तिने पहिल्या दिवशी बारला हातसुद्धा लावू दिला नाही. एक काठी पाठीवर उभी धरायला लावली, डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडावर, तिन्ही ठिकाणी टेकलेली. आता वाका म्हणाली. वाकायचं ते खुब्यातून, नितंब मागे ढकलत. कण्यातून वाकलं की काठी एखाद्या ठिकाणी सुटते आणि लबाडी तिथल्या तिथे पकडली जाते. ते जमल्यावर केटलबेल, म्हणजे वर कडी असलेला वजनाचा गोळा, आणि मग बार.

तो बारसुद्धा जमिनीवरून नाही. हे तुम्हालाही उपयोगी पडेल म्हणून सांगते. मोठ्या प्लेटचा व्यास 45 सेंटिमीटर असतो, त्यामुळे ती लावली की बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर येतो. नवशिक्याला मोठी प्लेट जड होते म्हणून लहान लोखंडी चकत्या लावतात. मग बार पार घोट्यापाशी येतो आणि माणूस वजन कमी असूनही जास्त वाकतो. 'हलक्या वजनानेच कंबर दुखली' म्हणणाऱ्यांपैकी निम्मे इथे फसलेले असतात, असं माझं मत. बारखाली दोन्ही बाजूंना प्लेट आडव्या ठेवा आणि उंची बरोबर करून घ्या. जिमवाला कुरकुर करेल, करू दे.

बार नडगीला घासतच वर गेला पाहिजे. माझ्या दोन्ही नडग्यांवर ओरखडे उठले तेव्हा ती मुलगी खूश झाली, मला म्हणाली उद्यापासून लांब मोजे घालून या. बार शरीरापासून वीतभर पुढे गेला की तेच वजन कंबरेला कितीतरी जड पडतं, बाकी सगळं तंत्र मुळात एवढ्यासाठीच. आणि उचलण्याआधी ढील काढायची. बार हलकाच वर ओढला की तो प्लेटच्या भोकात वरच्या बाजूला टेकतो, बारीक 'टक्' असा आवाज येतो. तो आवाज येईपर्यंत घाई नाही. मग श्वास पोटात भरायचा, काखेत काहीतरी दाबून धरल्यासारखे हात अंगाशी आवळायचे आणि पायांनी जमीन खाली ढकलायची. झटका मारून उचलणारे मला बघवत नाहीत.

भावाला कळलं तेव्हा तो उडालाच. "ताई, तुझी हाडं काय, तू करतेस काय! एक मणका दबला की जन्मभर पट्टा." घरात चार माणसं जमली की हाच विषय. त्याचा आवडता पुरावा म्हणजे एडी हॉल या स्ट्राँगमन स्पर्धकाचा व्हिडिओ, 2016 मध्ये त्याने 500 किलो उचलले आणि नाकातून रक्त आलं तो. तसल्याच ब्योर्नसनने 2020 मध्ये 501 उचलले, तोही त्याने दाखवून झाला. मी म्हटलं, अरे, मी 50 किलोवर आहे. 500 किलो उचलताना माणसाचं काय होतं त्यावरून 50 किलोचा निकाल कसा लावतोस? उलट मी त्याला लमार गँटचं सांगितलं. या पॉवरलिफ्टरला स्कोलिओसिस होता, कणा जन्मभर बाजूला वळलेला, आणि त्याने 1985 मध्ये स्वतःच्या वजनाच्या पाचपट डेडलिफ्ट मारली. वाकडा कणा असलेला माणूस हे करतो. यावरही काही सिद्ध होत नाही हे मला कळतं, पण व्हिडिओला व्हिडिओ.

खरा पुरावा वेगळाच आहे. ऑस्ट्रेलियात ग्रिफिथ विद्यापीठात 'लिफ्टमोर' नावाचा प्रयोग झाला, 2018 मध्ये छापून आला. पाळी गेलेल्या आणि हाडं विरळ झालेल्या 101 बायका, म्हणजे माझ्यासारख्याच, वयाने माझ्याहून मोठ्या. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि ओव्हरहेड प्रेस (बार डोक्यावर ढकलणं) केलं, 5 रेप्सचे 5 सेट, तेही एकदाच जेमतेम उचलता येईल अशा कमाल वजनाच्या 85 टक्क्यांहून जास्त वजनाने. जोडीला उड्या. दुसऱ्या गटाने घरी हलका व्यायाम केला, म्हणजे साधारण गुलाबी डंबेल. पहिल्या गटात कंबरेच्या मणक्यांची घनता सरासरी 2.9 टक्क्यांनी वाढली, दुसऱ्या गटात 1.2 टक्क्यांनी घटली. भावाला वाचून दाखवलं. "त्या बायका वेगळ्या असतात" म्हणाला.

मग ती कुंडी. भाऊ घरी आला होता, गॅलरीतली एक मोठी कुंडी कोपऱ्यात हलवायची होती, नुकतंच पाणी घातलेलं, माती ओलीचिंब. मी उचलणार तेवढ्यात तो "सर तू, सर" करत पुढे आला. पाय लांब, हात लांबवलेले, पाठ धनुष्यासारखी, उचलता उचलताच कमरेतून वळला. कुंडी वीतभर वर गेली आणि खाली आली. भाऊ मात्र खालीच राहिला. उसण भरली होती. गॅलरीचा कठडा धरून धरून सरळ व्हायला त्याला किती वेळ लागला! मी कुंडी नडग्यांना टेकवली, श्वास भरला, उचलली, कोपऱ्यात ठेवली. हसले नाही. त्याच्यासमोर तरी नाही.

त्याने पुढे काय म्हणावं? "माती ओली होती म्हणून." अरे बाबा, जगात कोरडी, मापात बसणारी आणि हँडल असलेली किती वजनं उचलायला मिळतात? वीस वर्षं छाती, दंड आणि मशिनवर बसून पाठ केली. वाकून उचलायची एकच हालचाल जाणूनबुजून टाळली आणि टाळण्यालाच काळजी म्हणत राहिला. तुमच्या मित्राला विचारा, तो बुटाची नाडी कशी बांधतो. चाळिशीनंतर कंबर जाते म्हणून डेडलिफ्ट करायची नाही हे उलटं आहे. वाकायचं तर रोजच असतं. ते हलक्या वजनापासून, कुणाच्या नजरेखाली शिकायचं की आयत्या वेळी कुंडीसमोर, एवढाच प्रश्न आहे.

अलीकडे भावाने नवीन टूम काढली आहे, "रोमानियन डेडलिफ्ट पुरे, जमिनीवरून कशाला." 1984 च्या ऑलिम्पिकमध्ये वेटलिफ्टिंगचं सुवर्ण मिळवलेला रोमानियाचा निकू व्लाड तो प्रकार करायचा, त्यावरून हे नाव पडलं. व्यायाम उत्तम आहे, मांडीची मागची बाजू वाढवायला तर साध्या डेडलिफ्टपेक्षा सरस. पण तो वरून सुरू होतो, पडलेली वस्तू उचलायचा भाग त्यात नाहीच. तरी भाऊ निदान खुब्यातून वाकायला लागला, तेवढ्यावर मी गप्प बसते.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. एका कुंडीने काही सिद्ध होत नाही, डेडलिफ्ट करणाऱ्यांनाही उसण भरते. त्या ऑस्ट्रेलियन प्रयोगातही जड वजनाच्या गटातल्या एकीच्या कंबरेत भरली होती, दोन सत्रं चुकली आणि ती परत आली. तिथे प्रत्येक सत्रावर प्रशिक्षकाची नजर होती आणि पहिला महिना हलक्या वजनाचा होता, हे विसरून माझं उत्तर वाचून थेट 85 टक्क्यांवर उडी मारू नका. स्वीडनमध्ये कंबरदुखीच्या रुग्णांनाच डेडलिफ्ट शिकवून पाहिली आहे. त्यातही ज्यांचं दुखणं मुळात कमी आणि पाठ बऱ्यापैकी मजबूत, त्यांना जास्त फायदा झाला. दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या किंवा बधिरपणा असेल, हर्निया असेल, तर आधी डॉक्टर. रक्तदाब वाढलेला असेल तरीही, कारण श्वास रोखून जड वजन उचलताना तो आणखी चढतो. आणि तुम्हाला फक्त अंग भरायचं असेल तर डेडलिफ्टशिवायही भरतं, भावाकडे बघा.

तुमचं मूळ विचारलेलं: सुरुवातीला आठवड्यातून एकदा पुष्कळ, वॉर्मअप सोडून 5 रेप्सचे 2-3 सेट. डेडलिफ्ट शरीराला फार थकवते, रोज करायची गोष्ट नाही. स्क्वॉटच्या दिवशीच करणार असाल तर स्क्वॉट आधी आणि लेग प्रेसला सुट्टी. वजन 2.5 ते 5 किलोने वाढवा. शेवटचा रेप पहिल्यासारखा दिसला तरच वाढवा, पाठ गोल व्हायला लागली की सेट तिथेच संपला, मग कागदावर पाच लिहिलेले का असेनात. खाली ठेवतानाही बार नडगीजवळूनच. धावायचे जाड तळव्याचे बूट काढून ठेवा, सपाट बूट किंवा नुसते मोजे. पकड दोन्ही हात पालथे ठेवूनच सुरू करा. एक पालथा, एक उताणा धरला की वजन जास्त निघतं, पण उताण्या हाताच्या बायसेप्सला इजा होऊ शकते, त्यामुळे ते नंतर. हाताला घट्टे पडतील, ते घासून सपाट ठेवा, नाहीतर बारवर फाटतात. आणि वजन उचलताना कंबरेला आवळायचा पट्टा विकत घ्यायची घाई करू नका, आधी त्याच्याशिवाय पोटात श्वास धरायला शिका.