‘पीडित वगैरे मुली असतात, मी मूर्ख आहे’

“मुलगा महिनाभर गप्प आहे, त्याला विचारावे की विषय सोडून द्यावा?” हा प्रश्न घेऊन पालक माझ्याकडे वारंवार येतात. उत्तरादाखल एका सोळा वर्षांच्या मुलाची हकिकत सांगते. त्याची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अकरावीतला हा मुलगा समोर बसला, तेव्हा त्याने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला होता आणि तो थरथरला की दर वेळी त्याचा हात दचकून मागे जाई. समाजमाध्यमावर ओळख झालेल्या कुणीतरी त्याच्याकडून खासगी छायाचित्रे मिळवली आणि ती मित्रांना पाठवण्याची धमकी देत पैसे उकळले. साठवलेले पैसे संपल्यावर त्याने आईच्या पर्समधून घेतले, ते उघडकीला आले आणि मगच घरच्यांना सगळा प्रकार कळला. “तू फोटो पाठवलेसच कशाला?” हा वडिलांचा पहिला प्रश्न होता. त्यानंतर मुलाने घरात तोंड उघडले नाही.

अशी गोष्ट कळल्यास पोलिसांना कळवणे पॉक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचे संरक्षण करणाऱ्या, कायद्याने मला बंधनकारक आहे, हे मी त्याला आधीच स्पष्ट सांगितले. विश्वास संपादन करून मग तो मोडणे मला मान्य नाही. तुझ्यावर अन्याय झाला आहे, असे म्हणताच तो म्हणाला, “चोरी मी केली, मॅडम. पीडित वगैरे मुली असतात. मी मूर्ख आहे.”

२०१२ चा हा कायदा अठरा वर्षांखालील मुलांनाही मुलींइतकाच लागू आहे आणि चित्रे पसरवण्याची अशी धमकी हा त्यात गुन्हाच आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. तरीही ‘पीडित’ हा शब्द मी त्याच्यावर लादला नाही, कारण या वयात तो दुबळेपणाचा शिक्का वाटतो. “तुझी काहीच चूक नाही” असेही मी म्हटले नाही; पर्समधले पैसे त्याला टोचत होते आणि ते नाकारले असते तर माझे बाकीचे बोलणेही त्याला खोटे वाटले असते. म्हणून आम्ही कागदावर दोन रकाने आखले. त्याच्या रकान्यात आईचे पैसे आले. फसवणूक, धमकी आणि खंडणी दुसऱ्याच्या रकान्यात गेली. तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला.

हे सर्वांत आधी त्याने आतेभावाला सांगितले होते. त्या भावाने ‘का’ असे विचारले नाही. “आधी पैसे देणे थांबव, मेसेज पुसू नकोस” एवढेच तो म्हणाला. पालकांनी जरूर विचारावे, पण “आता तुला कशाची भीती वाटते?” असे विचारावे. सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. मुलाची ओळख प्रसिद्ध करण्यास कायद्याने मनाई आहे.

जबाब पालकांच्या किंवा मुलाचा विश्वास असलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत नोंदवला जातो आणि त्या वेळी पोलीस अधिकारी गणवेशात नसतात. या मुलाने आतेभावाला शेजारी बसवले. वडिलांना ते लागले, पण माझ्या सांगण्यावरून ते बाहेरच्या खोलीत थांबले. त्या रात्री मुलाने त्यांना सांगितले की आईचे पैसे तो सुट्टीत काम करून फेडणार आहे. “राहू दे” हे शब्द वडिलांच्या ओठांवर आले होते, ते गिळून ते म्हणाले, “बरं, फेड.”