नागाने धामण गिळली कशी?

प्रश्न : कुडाळजवळच्या आमच्या बागेत एका नागाने जवळजवळ स्वतःएवढ्याच लांबीची धामण गिळली. ती मावली कशी?

उत्तर : लांबी नव्हे, जाडी बघा. भक्ष्याचा सर्वांत जाड भाग तोंडातून आत गेला की अर्धे काम झाले. त्याच वजनाची घूस नागाला गिळता आली नसती. धामण लांब असली तरी अंगाने सडपातळ.

गिळताना जबडा निखळतो, ही समजूत चुकीची आहे. खालच्या जबड्याचे दोन भाग हनुवटीपाशी ताणल्या जाणाऱ्या अस्थिबंधाने जोडलेले असल्याने ते फाकतात. टाळूवरचे दात मागे वळलेले असतात. एका बाजूचे दात रुतवून ठेवायचे, दुसरी बाजू पुढे सरकवायची, असे करत साप आपले डोकेच भक्ष्यावर चढवत नेतो. श्वासनलिकेचे तोंड पुढे काढता येते, म्हणून तो गुदमरत नाही.

उरला लांबीचा प्रश्न. अमेरिकेतल्या किंगस्नेक या साप खाणाऱ्या सापावर २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्ष-किरण चित्रणातून दिसले, की गिळल्या जाणाऱ्या सापाचा कणा आत नागमोडी वळत जातो आणि त्याची लांबी कमी होते. शिवाय खाणाऱ्याची अन्ननलिका आणि जठर लांबीच्या दिशेने भरपूर ताणले जातात.

प्रश्न : अजगर मगरही गिळतो म्हणतात. खरे का?

उत्तर : होय. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या माउंट आयझाजवळ २०१४ मध्ये ऑलिव्ह अजगराने सुमारे मीटरभर लांबीची गोड्या पाण्यातली मगर गिळली. झुंज काही तास चालली होती. अर्थात मोठा घास जोखमीचाच असतो : फ्लोरिडात २००५ मध्ये ॲलिगेटर गिळलेला बर्मी अजगर पोट फुटलेल्या अवस्थेत मेलेला सापडला.

प्रश्न : अजगराने घोरपड धरलेली दिसली, तर सोडवावी का?

उत्तर : मुळीच नाही. विळखा पूर्ण बसल्यावर घोरपडीचे रक्ताभिसरणच थांबते, त्यामुळे ती वाचण्याची शक्यता फार थोडी. उलट तुमच्या गडबडीने अजगर उपाशी राहतो. भरल्या पोटी पळता येत नाही, म्हणून घाबरलेला साप घास ओकून टाकतो. डोक्याकडून गिळताना घोरपडीचे पाय मागे दुमडतात. बाहेर येताना मात्र ते पसरतात आणि नख्यांनी अन्ननलिकेला इजा होऊ शकते.

दहा-पंधरा मीटर लांब उभे राहा, कुत्री बांधा, काठी लावू नका, फ्लॅश मारू नका. गिळून झाल्यावरही त्याला उचलून दुसरीकडे सोडू नका. पचनाला ऊब लागते. गारठ्यात पचन मंदावून भक्ष्य पोटातच कुजू लागते आणि तेही ओकले जाते. म्हणून हिवाळ्यात पोट फुगलेला अजगर उन्हात पडलेला दिसला, तर त्याला तसाच पडू द्या. अजगर आणि घोरपड दोघेही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहेत. जनावर घराच्या अगदी जवळ असेल, तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.