तळ्यातले ट्राउट उन्हाळ्यात कुठे जातात?

या वेळी आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावरची आहेत: शहरातल्या तळ्यात गळाने पकडण्यासाठी सोडलेले ट्राउट मासे आणि वाढता उन्हाळा. त्यांतली सहा घेते आहे. पहिल्या दोन उत्तरांना जास्त जागा दिली आहे, कारण बाकीचं बरंचसं त्यांतूनच निघतं.

प्रश्न : ताई, वसंतात तळ्यात मासे सोडले तेव्हा रोज दोन-तीन तरी लागायचे. आता त्याच जागेवर, त्याच आमिषाला एकदाही ओढ लागत नाही. सगळे मासे संपले का?

बरेचसे संपले, हे खरं आहे. अशा तळ्यांत मासे सोडले जातात तेच मुळी पकडण्यासाठी, आणि पहिल्या काही आठवड्यांतच त्यांतला मोठा वाटा काठावरच्या लोकांच्या टोपलीत जातो. थोडे बगळे आणि पाणकावळे नेतात. पण जे उरतात ते तुमच्या जागेवर राहत नाहीत.

हॅचरीतला, म्हणजे मासे पैदा करून वाढवणाऱ्या केंद्रातला, मासा जन्मापासून वरून पडणारं खाद्य खात वाढलेला असतो. त्यामुळे सोडल्यावर पहिले काही दिवस तो थव्याने, पृष्ठभागाजवळ, जिथे सोडला त्याच्या आसपास घुटमळतो. तुम्हाला वसंतात मासे मिळाले ते यामुळे. पुढे थवा फुटतो, आणि उन्हं तापली की मासा पाण्याच्या मागे जातो.

मागे जातो म्हणजे काय, ते सांगते. रेनबो ट्राउट, म्हणजे या पत्रांतला ट्राउट, हा मुळात उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या आणि पलीकडे रशियातल्या कामचात्काच्या थंड नद्यांमधला मासा. १० ते १६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तो खातो, वाढतो, जोमात असतो. २० अंशांच्या वर त्याला त्रास सुरू होतो आणि २५ च्या आसपास जिवावर बेतायला लागतं. त्यात पाणी तापलं की त्यातला प्राणवायूही कमी होतो. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, २० अंशांना ९.१, आणि २५ ला ८.३. याच वेळी उष्णतेमुळे माशाच्या शरीराची गरज मात्र वाढलेली असते. गरज वाढते आणि पुरवठा आटतो.

मग मासा खोल का जात नाही? जातो, पण शहरातल्या तळ्यात तिथे वेगळं संकट असतं. माझं नेहमीचं तळं सर्वांत खोल जागी साडेपाच मीटर आहे. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी मी तिथे धक्क्यावरून पाणी मोजलं. वर २४ अंश, तीन मीटरवर १९, पाच मीटरवर १४. आकडे बघून वाटेल की पाच मीटरवर ट्राउटची चैन असणार. पण त्या खोलीवरून काढलेल्या पाण्याला कुजक्या अंड्यांचा वास येत होता. आजूबाजूच्या हिरवळीचं खत, पाला, बदकांची घाण असं सगळं वाहून तळ्यात येतं, शेवाळ माजतं, मरून तळाशी बसतं, आणि ते कुजताना खालच्या थरातला ऑक्सिजन संपून जातो. उन्हाळ्यात वरचं गरम, हलकं पाणी खालच्या थंड, जड पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे खाली नवा ऑक्सिजन पोचतही नाही. म्हणजे वर उकाडा आणि खाली घुसमट. ट्राउटला उरतो तो मधला एक पट्टा, कधी जेमतेम मीटरभर जाडीचा.

तुमचं आमिष, पत्रावरून वाटतंय तसं, वजन लावून तळाशी पडलेलं असेल तर ते त्या मेलेल्या पाण्यात आहे. ते कितीही चांगलं असलं तरी तिथे मासाच नाही. दोरीवर सरकतं बूच लावा, ते हव्या त्या खोलीच्या मापावर अडेल अशी थांबगाठ दोरीला मारा आणि आमिष त्या मधल्या पट्ट्याच्या वरच्या कडेला लटकेल असं बघा, कारण ट्राउट खालून वर बघत खातो. तळ्यात कुठे ओढा किंवा झरा येत असेल, कारंजं किंवा हवा सोडणारं यंत्र असेल, तर आधी तिथे बघा. तळं दीड-दोन मीटरचंच असेल तर गोष्ट वेगळी. तिथे वारा सगळं पाणी ढवळतो, थंड पट्टा टिकतच नाही, आणि भर उन्हाळ्यात ट्राउट बहुतेक वाचलेलेच नसतात.

प्रश्न : मी एकही मासा घरी नेत नाही, सगळे परत सोडतो. मुलांनाही तेच शिकवलं आहे. उन्हाळ्यात सोडलेला ट्राउट जगतो ना?

पाणी थंड असेल आणि हाताळणी नीट असेल तर बहुधा जगतो. पाणी तापलेलं असेल तर बऱ्याचदा जगत नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण तुमचा हेतू चांगला आहे आणि एके काळी माझाही तोच होता.

गळ टाकायला लागून मला दोनच वर्षं झाली होती. ऐन उन्हाळ्यातली संध्याकाळ होती. एकामागून एक सात ट्राउट लागले. प्रत्येकाला बाहेर काढलं, हातात धरून बघितलं, दोघातिघांचे फोटो काढले आणि सोडून दिलं. सातही जण शेपटी मारून निघून गेले. मी समाधानाने घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच गेले तर लव्हाळ्यात चार पांढरी पोटं दिसली. एकाच्या जबड्याच्या कोपऱ्यात माझ्याच गळाची जखम होती. मी त्या काठावर बराच वेळ बसून राहिले. तेव्हापासून माझ्या पिशवीत थर्मामीटर असतो.

मासा झुंजतो तेव्हा आपण जोरात धावल्यावर दमतो तसा दमतो. स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठतं, आणि ते निस्तरायला भरपूर ऑक्सिजन लागतो. तापलेल्या पाण्यात तोच नसतो. त्यात आपण त्याला हवेत धरतो. हवेत कल्ल्यांच्या पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि श्वास बंद होतो. १९९२ मध्ये फर्ग्युसन आणि टफ्ट्स या संशोधकांनी रेनबो ट्राउटवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. नुसतं दमेपर्यंत पळवलेल्या माशांपैकी १२ टक्के पुढच्या बारा तासांत मेले. दमवून मग ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के, आणि ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के. ६० सेकंद म्हणजे गळ सोडवून, फोन शोधून, एक फोटो काढायला लागतो तेवढा वेळ. आणि सोडल्यावर मासा पोहत गेला याचा अर्थ तो वाचला असा होत नाही.

माझा नियम असा आहे. गळ टाकण्याआधी पाणी मोजायचं. १८ अंशांपर्यंत निर्धास्त. १८ ते २० मध्ये जाड दोरी वापरून मासा पटकन आत घ्यायचा, हातजाळी रबराची, हात ओले, आणि गळ पाण्यातल्या पाण्यातच सोडवायचा. २० च्या वर सोडण्यासाठी ट्राउट पकडायचाच नाही. स्थानिक नियमांत मासे नेण्याची मुभा असेल तर ठरलेले तेवढे घ्यावेत, लगेच मारून बर्फावर ठेवावेत आणि त्या दिवसाचा गळ गुंडाळावा. उन्हाळाभर तगणारच नाहीत अशा तळ्यातले मासे नेण्यात मला काहीही गैर वाटत नाही. उलट, ते त्यासाठीच सोडलेले असतात. मुलांनाही हेच सांगा, आणि थर्मामीटर त्यांच्याच हातात द्या. माझा अनुभव असा की पारा बघून आज गळ टाकायचा की नाही हे ठरवणं मुलांना फार आवडतं.

आणि पारा वर असला म्हणजे घरी परत जावं असंही नाही. ब्लूगिल, कॅटफिश, कार्प यांना गरम पाणी मानवतं. त्याच काठावर, त्याच काठीने ते पकडता येतात.

प्रश्न : सगळे म्हणतात उजाडता जावं. मी तीन रविवार अंधारात उठून गेले. काहीच नाही. माझं काय चुकतंय?

तुमचं काही चुकलेलं नाही. पहाटे पाणी सर्वांत गार असतं, म्हणून तो सल्ला बहुतेक ठिकाणी बरोबरच आहे. पण तुम्ही लिहिलं आहे की तळं हिरवंगार झालंय. शेवाळ दिवसा उजेडात ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर तोच वापरत राहतं. त्यामुळे अशा तळ्यात ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो नेमका उजाडायच्या वेळी. पाणी गार असूनही मासा मरगळलेला राहतो. तुम्ही तास-दोन तास उशिरा जा, ऊन पाण्यावर पडल्यावर पण पाणी तापायच्या आत. किंवा रात्री वारा सुटलेला असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जा.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी गांडूळ लावून गळ टाकते. मासे लागतात, पण निम्मे वेळा गळ पार घशात गेलेला असतो. दुसरं काय लावावं? कणकेसारखं रंगीत आमिष बरं का?

ते रंगीत आमिष हॅचरीतल्या माशाला ओळखीचं वाटतं आणि ते तरंगतं, हा त्याचा गुण. पण घशाचा प्रश्न त्याने सुटणार नाही. आमिष पाण्यात नुसतं सोडून वाट बघितली की मासा ते सावकाश गिळतो, मग ते गांडूळ असो की गोळा. दोरी ढिली असली तर कळेपर्यंत गळ पोटात गेलेला असतो.

तिला छोटी फिरकी किंवा चमचा द्या, म्हणजे ओढताना पाण्यात लकाकणारं धातूचं नकली आमिष. दोन ते तीन ग्रॅमचा पुरे. तो सतत ओढत राहावा लागतो, त्यामुळे मासा बहुतेक ओठालाच लागतो, आणि नऊ वर्षांच्या मुलीला हातात सारखं काहीतरी चालू असलेलं बरंच वाटेल. तिहेरी गळ काढून एकेरी लावा. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. दाबताना बारीकसा कट्ट असा आवाज येतो. मग त्यावरून कापसाचा बोळा फिरवून बघा, धागा अडकला नाही म्हणजे काम झालं. या गळाने दोन-चार मासे सुटतील, तेवढं तिला आधी सांगून ठेवा.

तरीही एखाद्याने गिळलाच आणि तो सोडायचा असेल, तर ओढून काढू नका. तोंडाजवळ दोरी कापा आणि गळ आत राहू द्या. गळ उपसून काढलेल्या माशांपेक्षा दोरी कापलेले मासे जास्त जगतात, हे अनेक प्रयोगांत दिसलेलं आहे. कल्ल्यातून रक्त येत असेल तर मात्र तो मासा ठेवून घ्या.

प्रश्न : हे ट्राउट तळ्यात पिल्लं का घालत नाहीत? म्हणजे दरवर्षी सोडावे लागणार नाहीत.

त्यांना अंडी घालायला वाहतं पाणी आणि स्वच्छ, बारीक खडे लागतात. मादी शेपटीने खड्यांत खळगा करते, अंडी त्यात पुरते, आणि वाहतं पाणी त्यांना श्वास पुरवतं. गाळ बसलेल्या तळ्यात अंडी गुदमरतात. शिवाय बऱ्याच ठिकाणी मुद्दामच वांझ मासे सोडतात. फलनानंतर थोड्याच वेळात अंड्यांना उष्णतेचा किंवा दाबाचा झटका दिला की गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच राहतात आणि असा मासा प्रजोत्पादन करू शकत नाही. चुकून नदीत गेला तरी तिथल्या रानटी ट्राउटमध्ये त्याची भेसळ होत नाही. मला ही काळजी योग्य वाटते.

प्रश्न : मागे तुम्ही खोलवरचं पाणी मोजा असं लिहिलं होतं. थर्मामीटर दोरीला बांधून खाली सोडला, पण वर येईपर्यंत आकडा बदलतो. कसं मोजायचं?

पाणीच वर आणायचं. अरुंद तोंडाची पाव लिटरची काचेची बाटली घ्या. बुडाशी किलोभर वजन बांधा, मी जुने लोखंडी नट वापरते. बाटलीच्या गळ्याला एक जाड दोर, त्यावर दर अर्ध्या मीटरला गाठ. बाटलीला बूच लावा आणि बुचाला दुसरा बारीक दोर बांधा. बूच फार दाबून बसवू नका, खोल गेल्यावर पाण्याच्या दाबाने ते आपोआप घट्ट होतं. धक्क्याच्या टोकावर जाऊन गाठी मोजत बाटली हव्या त्या खोलीवर न्या आणि बारीक दोराला एकच हिसका द्या. बुडबुडे वर यायला लागतील. ते थांबले की बाटली भरली. दोन-तीन मिनिटं तशीच खाली राहू द्या, म्हणजे काचही त्या पाण्याइतकी गार होईल.

मग सरळ वर ओढा आणि लगेच थर्मामीटर आत घाला. आकडा लिहून झाला की बाटली नाकाशी धरा. कुजका वास आला तर ती खोली सोडा, बूच परत बसवा आणि अर्धा मीटर वरचं पाणी काढून बघा. हे सगळं सावलीत बसून करा, इतकं थोडं पाणी उन्हात मिनिटाभरातच तापायला लागतं.