दार्जिलिंगचा काळा चहा इतका फिका का?

प्रश्न : आसाम, दार्जिलिंग आणि निलगिरी असे तीन चहा आम्ही नौपाड्यातील दुकानातून आणले. एकाच मापाने घेऊन सारखाच वेळ मुरवले, तरी आसामचा कोरा चहा गडद तांबडा, निलगिरीचा नारिंगी आणि दार्जिलिंगचा जेमतेम पिवळसर उतरला. दार्जिलिंगचा चहा जुना असेल, की आसामच्या चहात रंग मिसळला असेल?
– एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : तिन्ही रंग त्या त्या चहाला साजेसे आहेत. पान चुरडले की त्यातील कॅटेचिने या तुरट द्रव्यांचे ऑक्सिडीकरण (हवेतील ऑक्सिजनशी संयोग) होऊन सोनेरी-नारिंगी थिआफ्लाविने आणि तांबूस-तपकिरी थिआरुबिजिने तयार होतात. ही क्रिया किती पुढे जाते त्यावर रंग ठरतो. आसामच्या सखल, दमट खोऱ्यातील मोठ्या पानाच्या जातीत कॅटेचिने भरपूर असतात. शिवाय आपल्याकडे विकला जाणारा आसाम चहा बहुधा सीटीसी, म्हणजे दातेरी रुळांतून चिरडून दाणेदार केलेला असतो, आणि बारीक दाण्याचा रंग पाण्यात झटकन उतरतो.

दार्जिलिंगमध्ये मात्र सुमारे ६०० ते २,००० मीटर उंचीवर, थंड हवेत, मुख्यतः लहान पानाची चिनी जात वाढते. मार्च-एप्रिलच्या पहिल्या खुडणीतील पाने इतकी सुकवतात की त्यांचे ऑक्सिडीकरण अपुरेच राहते. म्हणूनच काळा चहा म्हणवणाऱ्या त्या पुड्यात हिरवट पाने दिसतात. त्याच मळ्यातील मे-जूनची दुसरी खुडणी मधासारख्या रंगाची उतरते. त्यामुळे पुड्यावर प्रदेशाइतकीच खुडणीही पाहावी, असे आम्हाला वाटते. निलगिरीचा स्वच्छ नारिंगी रंग या दोहोंच्या मधला. श्रीलंकेत तर एकाच देशात उंचावरील नुवारा एलियाचा चहा फिका आणि दक्षिणेकडील सखल भागातला गडद असतो.

पाण्याचाही परिणाम होतो. आपल्या इमारतीत बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी येत असेल, तर चहा काळपट दिसून वर तवंग धरतो. उलट लिंबू पिळताच रंग उजळतो.

भेसळीची शंका असल्यास ओल्या गाळणकागदावर थोडी पूड पसरून ठेवावी, नंतर ती काढून कागद नळाखाली धुवावा आणि उजेडात धरून पाहावा. शुद्ध चहाचा डाग राहत नाही. मिसळलेल्या रंगाचे डाग मात्र स्पष्ट दिसतात. दार्जिलिंगचा रंग वाढावा म्हणून तो उकळू नये, कारण त्याने कडवटपणा वाढतो आणि सुगंध जातो. दुधाचा चहा आसामचाच करावा.