वाचकांचे प्रश्न: उन्हाळ्यात हवा गळणारा माउथ ऑर्गन

प्रश्न: आजोबांचा बारा भोकांचा, बटणाचा माउथ ऑर्गन आहे. सांगाडा लाकडी, रीडच्या (थरथरून स्वर देणाऱ्या बारीक पितळी पट्ट्यांच्या) प्लेटा खिळ्यांनी ठोकलेल्या. एप्रिल-मेमध्ये खालची दोन-तीन भोकं नुसती फुसफुसतात, पावसाळ्यात पुन्हा बरी वाजतात. सांगाड्याच्या भेगेत फेविक्विक सोडू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर: मुळीच नको. ते कडक होतं, लाकूड हललं की तडकतं, आणि ओघळून रीडमध्ये गेलं तर रीड कायमची मुकी. लाकूड हलणारच. सोलापुरात दुपारी चाळिशीपार कोरडी हवा आणि रात्री कूलरचा दमटपणा. कूलरसमोर तर ठेवूच नका.

पण दोष भेगेचाच आहे का, ते आधी पाहा. फक्त आत ओढताना स्वर दुबळा असेल, तर प्लेटेवरचा बाहेरचा व्हॉल्व्ह (प्लास्टिकची बारीक पट्टी) वाकलाय किंवा सुटलाय. वरचं पत्र्याचं कव्हर काढलं की तो दिसतो. फक्त फुंकताना दुबळा असेल तर आतला व्हॉल्व्ह, म्हणजे प्लेट उचलावी लागेल. दोन्हीकडे हवा जात असेल तर सांगाडाच गळतोय. बटण दाबून आणि सोडून वेगवेगळं तपासा, कारण दोन्ही वेळा कप्पे वेगळे असतात.

प्लेट एका टोकाने उपटू नका, पितळ वाकतं. पातळ सुरी प्रत्येक खिळ्याजवळ थोडीथोडी सरकवत उचला, आणि खिळे थर्माकोलवर त्याच क्रमाने टोचून ठेवा. भेगेत मधमाशीचं मेण वितळवून थेंबथेंब सोडा. मेणबत्तीचं मेण ठिसूळ, ते नको. जास्तीचं मेण खरवडा. मग काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून सांगाडा हलक्या हाताने घासा. प्लेट टेकते तिथे फट दिसायला नको. खिळ्याचं भोक सैल झालं असेल तर फेव्हिकॉल लावलेली टूथपिकची काडी त्यात बसवा. खिळ्यांऐवजी बारीक स्क्रू घातले तर पुढची दुरुस्ती सोपी होते, फक्त स्क्रूचं डोकं कव्हरला किंवा व्हॉल्व्हला लागू देऊ नका.

मेण कारच्या डॅशबोर्डवरच्या उन्हात मऊ होतं, हे विसरू नका.

प्रश्न: बटण अडकतं, परत येत नाही. तेल सोडू का? स्वरही थोडा उतरलाय.

उत्तर: तेल नको, त्यात धूळ आणि लाळ चिकटून लुकण होतं. तोंडाकडच्या पट्टीचे दोन स्क्रू काढा, स्लाइड (बटणाने सरकणारी पट्टी) आणि तिच्या वर-खालच्या पट्ट्या सुट्या करा, कोमट पाण्यात साबणाने धुऊन पूर्ण कोरड्या करा. स्लाइडची बाजू लक्षात ठेवा, उलटी बसली की स्वरच बदलतात. सांगाडा मात्र पाण्यात बुडवायचा नाही. लाकूड फुगतं आणि वाळताना पुन्हा चिरतं. बसवताना स्क्रू फार आवळलेत तर धुतलेली स्लाइडही अडकेल. वाजवण्याआधी चूळ भरा, गोड खाऊन वाजवू नका.

स्वर उतरलेल्या रीडचं टोक अगदी नावाला खरवडलं की तो चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. खाली पातळ पत्रा सरकवून, दोन-तीन हलके ओरखडे मारून ट्यूनरवर (स्वर मोजायच्या यंत्रावर) तपासा. घासलेलं पितळ परत येत नाही.