उमरेड भागातील आठ एकर कोरडवाहू वावरासाठी रोटाव्हेटर घ्यावा की एखादे नवे यंत्र?

आपले आठ एकर काळे वावर आहे, त्यात सोयाबीन आणि तूर होते, पावसाचा भरवसा राहिलेला नाही आणि एकाच औजारापुरते पैसे हाताशी आहेत, असे आपण लिहिले आहे. माझे उत्तर सरळ आहे. रोटाव्हेटर, म्हणजे ट्रॅक्टरमागे फिरत्या पात्यांनी माती बारीक करणारे औजार, घेऊ नका. रुंद वरंब्यावर पेरणी करून बाजूला सऱ्या पाडणारे रुंद सरी वरंबा पेरणी यंत्र, ज्याला आपल्याकडे सगळे बीबीएफ म्हणतात, ते पहिल्या वर्षी भाड्याने आणा. नेमक्या याच प्रश्नावरून माझा आणि माझ्या थोरल्या भावाचा वाद अनेक वर्षे चालू आहे, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

वडिलांच्या पश्चात वाटणी झाली तेव्हा भिवापूर रस्त्याकडील वावरातले पाच एकर माझ्या नावे सातबाऱ्यावर चढले आणि धुऱ्यापलीकडचे, म्हणजे बांधापलीकडचे, पाच एकर दादाकडे राहिले. मी नागपूरच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. 2022 च्या खरिपात मी गिरडकडच्या एका ट्रॅक्टरवाल्याला बीबीएफ घेऊन बोलावले. राज्य सरकारच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात वर्धा जिल्हा होता आणि आपला नागपूर जिल्हा नव्हता, त्यामुळे त्या बाजूला हे यंत्र लोकांच्या डोळ्यांखालून आधी गेले होते. दादाने आपल्या वावरात दोनदा रोटाव्हेटर फिरवला आणि सपाट पेरणी केली. वावर कसे पिठासारखे झाले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते, आणि वरंब्यांमधल्या मोकळ्या सऱ्या पाहून तो धुऱ्यावर चार माणसांदेखत म्हणाला की बाईने जमिनीचा चौथा हिस्सा पडीक टाकला. ते शब्द मी विसरलेले नाही.

त्या जुलैत विदर्भात किती पाऊस झाला, ते आपणही पाहिले असेल. सलग झडीनंतर मी वावरात गेले तेव्हा माझ्या सऱ्यांतून गढूळ पाणी हळूहळू खालच्या अंगाला सरकत होते आणि वरंब्यावर पाय ठेवला तर माती दबत होती, पण धसत नव्हती. धुरा ओलांडला आणि पाय पोटरीपर्यंत रुतला. पिठासारखी केलेली ती माती वरून पापुद्रा धरून बसली होती आणि खाली पाणी कोंडले होते. मी दोन्हीकडचे एकेक झाड मुळासकट उपटून धुतले. माझ्या झाडाच्या मुळावरची गाठ नखाने फोडली तेव्हा ती आतून गुलाबी निघाली. दादाच्या झाडावर गाठी मोजक्याच होत्या आणि आतून करड्या पडलेल्या होत्या. गुलाबी गाठ म्हणजे आतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देत आहेत, आणि करडी गाठ म्हणजे ते काम थांबले आहे. मुळांना हवाच मिळाली नाही तर युरिया टाकून पाने काही दिवस हिरवी दिसतील, पण पीक सावरत नाही. हंगामाअखेर मला एकरी साडेसहा क्विंटल झाले आणि दादाला चार. बियाणे एकच होते आणि पेरणीत एका दिवसाचे अंतर होते.

रोटाव्हेटरला माझा विरोध हट्टापायी नाही. वर्षानुवर्षे त्याच खोलीवर पाती फिरली की ढेकळांबरोबर मातीची कणरचनाही मोडते आणि पात्यांच्या खाली एक घट्ट थर तयार होतो. मग मोठा पाऊस मुरत नाही आणि उघडीप पडली की मुळे खाली जात नाहीत, म्हणजे अतिवृष्टी आणि खंड या दोन्ही वेळी तेच औजार आपल्या अंगावर उलटते. मौदा-रामटेककडील धानाच्या बांधीत चिखलणीसाठी ते चालेल, काळ्या कोरडवाहू वावरात त्याची सवय लावून घेऊ नये.

आपण नवे यंत्र म्हणता, पण ही कल्पना नवी नाही. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने 1970 च्या दशकातच काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत बसवली होती, आणि तीही बैलजोडीने ओढायच्या औजारावर. आज तेच काम ट्रॅक्टरमागे एका फेरीत होते: सऱ्या पडतात, वरंब्यावर चार तासे (ओळी) पेरली जातात आणि खतही सोबत पडते. बियाणे एकरी तीस किलोऐवजी बावीस किलोच्या आसपास पुरते. सोयाबीन निघाल्यावर मी त्याच वरंब्यांवर न नांगरता हरभरा टोकते.

2023 चा ऑगस्ट देशभरात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तेव्हा माझे पीक दादाच्या पिकापेक्षा काही दिवस उशिरा कोमेजले. पुढे पिवळा मोझॅक आला आणि त्याने दोन्ही वावरे सारखीच खाल्ली, हेही सांगितले पाहिजे. रोगावर यंत्राचा इलाज नसतो. मुरमाड, हलक्या जमिनीत इतका फरक दिसेल असेही मी म्हणणार नाही. ट्रॅक्टर घाईने चालवला तर बी खोल पडते. माझ्या पहिल्या वर्षी कडेची दोन तासे अशीच विरळ उगवली. बी चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका, आणि चालक कितीही जाणता असला तरी पहिल्या दोन फेऱ्यांत स्वतः मागे चालून माती उकरून पाहा.

विकतच घ्यायचे ठरले तर महाडीबीटी या राज्य सरकारच्या अनुदानाच्या संकेतस्थळावर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत खरेदी करू नका. घरातल्या बाईच्या नावे जमीन असेल तर अर्ज तिच्याच नावाने जाऊ द्या. बऱ्याच औजारांवर महिला आणि अल्पभूधारकांना 50 टक्के आणि इतरांना 40 टक्के अनुदान असते. आमच्या घरी अर्जावर दादाचे नाव असावे असा आग्रह झाला होता आणि मी तो मानला नाही. सातबारा माझा, कर्ज फेडणार मी, तर यंत्रही माझ्याच नावे असायला हवे होते.

शेवटी सऱ्यांची तोंडे. पेरणी उताराला आडवी पण किंचित ढाळ देऊन करा आणि पाणी कुठे निघणार ते आधी ठरवा. माझ्या सऱ्यांचे पाणी त्याच्या वावरात उतरले म्हणून त्याचे पीक बसले, असे दादा आजही म्हणतो. उतार पूर्वीपासून त्याच बाजूला आहे आणि सपाट पेरणीच्या काळातही पाणी तिकडेच जात होते, हे माझे उत्तर आहे. तरीही पुढच्या मे महिन्यात मी स्वतःच्या बाजूने, धुऱ्याला लागून नाल्यापर्यंत चर खोदून घेतला आणि सगळ्या सऱ्या त्यात सोडल्या. आपल्याही खालच्या अंगाला दुसऱ्याचे वावर असेल, तर यंत्र आणण्याआधी हा चर खोदा.